न उडालेला मुलामा

तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाची घुमीला कधी भीती वाटली नव्हती. कडी तुटली, साखळी काळी पडली, मानेला खाज सुटते, नवऱ्याला आवडलं नाही, अशा सगळ्या तक्रारींची उत्तरं तिच्या जिभेवर तयार असत आणि ती देताना तिला मजाच यायची. त्या दिवशी दुपारी दुकानात आलेल्या बाईने मात्र तक्रार केली नाही. तिने कौतुक केलं, आणि घुमीला पहिल्यांदा भीती वाटली. बाई गाडी शिकवणारी होती. शिकाऊ पाटी लावलेली तिची छोटी गाडी समोरच उभी होती आणि आत एक घामाघूम गृहस्थ, गाडी बंद असूनही, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून बसले होते. दिवसभर ओरडून बाईचा आवाज असा झाला होता की ती साधं नमस्कार म्हणाली तरी समोरच्याचा पाय ब्रेक शोधायला लागावा. गळ्यातलं पेंडंट काढून तिने काउंटरवर ठेवलं. वरची कडी झिजली होती, तेवढी बदलून हवी होती. मग तिने सांगितलं की आंघोळीलासुद्धा ती हे काढत नाही, उन्हातान्हात ते घामाने भिजतं, तिच्या मैत्रिणीने इथूनच घेतलेलं वर्षभरात पिवळं पडलं, पण हिच्या पेंडंटचा मुलामा इतकी वर्षं झाली तरी आहे तसा आहे. "चोख काम आहे हो तुमचं," ती म्हणाली, आणि परवा येते असं सांगून गेलीसुद्धा.

घुमी काउंटरशी उभीच राहिली. पेंडंटला हात लावायचं धाडस होईना. जुन्या पदकांच्या नकला करून, त्या कोंदणात बसवून, गळ्यात घालायला विकणं हा तिचा धंदा होता. कुठल्याशा प्रदर्शनाचं पदक, पूल बांधून पुरा झाल्याचं पदक, जहाज पहिल्यांदा पाण्यात सोडल्याचं पदक, असली जुनी पदकं ती कुणाकुणाकडून उसनी आणायची, त्यांचा साचा घ्यायची आणि मूळ पदक मालकाला परत करायची. आयुष्यात ज्यांना कुणी कधी साधं बक्षीस दिलं नाही अशी माणसं हौसेने ती गळ्यात घालून मिरवत, आणि यात हसण्यासारखं काही नाही असं घुमीचं ठाम मत होतं. नकला पितळेच्या. वर चांदीचा मुलामा. आणि मुलामा उडतो, हे या धंद्यातलं सगळ्यात जुनं सत्य. तो एकदम उडत नाही. चित्रातला जो भाग सगळ्यात उंच, तिथून सुरुवात होते. पुलाच्या पदकावर कमानीचा माथा पिवळा पडतो, जहाजाच्या पदकावर शीड. आणि हे जे काउंटरवर पडलं होतं, ज्यावर एक बाई गुडघ्यावर बसून आजारी माणसाच्या ओठांना वाटी लावते आहे, त्यावर बाईचा गुडघा. त्या चित्राचं पेंडंट घेतलेल्या प्रत्येकीचा गुडघा आज ना उद्या पिवळा पडलेला घुमीने बघितला होता, आणि त्यावरचं उत्तरही ठरलेलं होतं: आणून द्या, परत मुलामा देऊन देते. या एका नगाचा गुडघा पांढरा होता. झिजून गुळगुळीत झालेला, पण पांढरा. आणि पितळ कितीही झिजलं तरी आतून चांदी निघत नाही.

तिने दुकानाचं दार आतून लावलं, पाटी फिरवली, आणि मागच्या खोलीत जाऊन सुईच्या टोकाने कोंदणाची कड उचकटली. हे काम एरवी भिंगकाकांचं. भिंगकाका म्हणजे तिच्याकडे कोंदण बसवणारे म्हातारे कारागीर, ज्यांच्या एका डोळ्याला भिंग इतकं कायमचं असायचं की ते जेवताना तरी काढतात का याबद्दल आसपासच्या दुकानांत दुमत होतं. ते त्या दिवशी यायचे नव्हते, हे बरंच झालं. पदक कोंदणातून सुटून तिच्या तळहातावर पडलं. त्याची कड कानशीने घासलेली होती. मूळ पदकाच्या कडेला बारीक दाते होते, सगळ्या नकलांनाही ते साच्यातून आपोआप आले होते. इथे ते नव्हते. घासलेली कड सगळीकडून पांढरी होती, आतपर्यंत. घुमीला वाढवणाऱ्या मावशीचं खरं चांदीचं पदक एवढी वर्षं एका अनोळखी बाईच्या गळ्यात गिअर बदलत फिरत होतं. घुमी स्टुलावर बसली आणि तोंडात धातूची चव आली, लहानपणी कुलूप चाटलं होतं तेव्हा आली होती तशी.

हे ती आत्ता शोधून काढत नव्हती, हेच सगळ्यात वाईट होतं. नवऱ्याला तिने यातलं काही कधी सांगितलं नव्हतं, कारण त्याने 'मग मोजून बघ की' एवढंच म्हटलं असतं आणि परत पेपरात डोकं घातलं असतं, आणि ते अगदी बरोबर असतं. मोजून बघायला किती वेळ लागतो. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून नक्कल मुळापेक्षा केसभर लहानच होते. केसभर फरकही मोजणारा व्हर्नियर तिच्या खणात होता, आजही आहे. पण मोजलं की कळतं, आणि कळलं की सांगावं लागतं. न मोजता जगता येतं. कसं जगता येतं ते तिने या काही वर्षांत शिकून घेतलं होतं: मावशीच्या हातातल्या पदकाकडे बघायचंच नाही. पांघरूण नीट करताना, औषध देताना, केस विंचरताना नजर अशी फिरवायची की ती मूठ मध्ये येताच कामा नये. माणूस एखाद्या खोलीतल्या एका खुर्चीत बसायचं टाळतो आणि मग ती सवय होऊन जाते, तसं.

पदक मावशीच्या आजीचं. गावात कसलीशी साथ आली, पैसेवाले आधी पळाले, मग बाकीचे, आणि दवाखान्यात कपडे धुणाऱ्या, पाणी भरणाऱ्या काही बायका तेवढ्या मागे राहिल्या. राहिल्या आणि रोग्यांचं सगळं केलं. साथ ओसरल्यावर परत आलेल्या लोकांना शरम वाटली असावी, कारण त्यांनी त्या बायकांसाठी चांदीची पदकं पाडून घेतली. मागच्या बाजूला पानांचं वर्तुळ होतं आणि मधली जागा नावासाठी मोकळी होती. नाव मात्र ज्याचं त्याने आपल्या पदरच्या पैशाने कोरून घ्यायचं होतं. मावशीच्या आजीने घेतलं नाही. आपलं नाव आपल्याला पाठ आहे, असं ती म्हणाल्याचं मावशी सांगायची, आणि दरवेळी सांगताना नव्याने हसायची. घुमी पाच-सहा वर्षांची असताना आई गेली आणि ती मावशीकडे आली, तेव्हा कित्येक दिवस तिने तोंडातून शब्द काढला नव्हता. म्हणून घुमी. आता दिवसभर दुकानात तोंडाचा पट्टा चालतो तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. त्या मुक्या दिवसांत मावशी रात्री ते पदक तिच्या मुठीत द्यायची. चांदी आधी गार लागायची आणि बघता बघता उबदार व्हायची, हातापेक्षाही उबदार वाटायची. मावशी पदकाला 'ती'च म्हणायची, सांगायची, बघ, तुला ओळखलं तिने. घुमीला ते खरं वाटायचं. पुढे धातूचं काम शिकताना कळलं की चांदी सगळ्या धातूंत ऊब लवकर घेते, त्यात ओळखीपाळखीचा काही संबंध नाही. तरी ओळखलं हे वाटणं काही गेलं नाही, ते कुठेतरी खाली बसून राहिलं.

आणि हेच पदक तिने साच्यासाठी मागितलं. मावशीने एका शब्दाने विचारलं नाही, डबीसकट हातात ठेवलं. काम सुंदर झालं, तिच्या हातून झालेलं सगळ्यात सुंदर. खाचांतली काळी झाक, गुडघ्यावरची झीज, सगळं जसंच्या तसं. चांदीपेक्षा पितळ हलकं, म्हणून वजन जुळवायला नक्कल तिने किंचित जाड ठेवली होती. एवढी हुशारी कशासाठी, हे त्या वेळी तिला कुणी विचारलं असतं तर तिने गिऱ्हाईक म्हटलं असतं, पण खरं म्हणजे ती स्वतःवर खूश होती. कोंदणात बसवण्यापूर्वी फोटो काढायचे म्हणून सगळे नग काळ्या मखमलीवर मांडले आणि गंमत म्हणून मूळ पदकही त्यांच्यात ठेवून दिलं. भिंगकाकांना बोलावून म्हणाली, सांगा यातलं खरं कोणतं. काकांनी बराच वेळ बघून एकावर बोट ठेवलं आणि ते चुकलं असं तिने हसत हसत जाहीर केलं. मग जादूगार पत्ता उचलतो तसं तिने दुसरंच एक उचललं, हे, म्हणून डबीत घातलं आणि डबीचं झाकण लावलं. काका विचारत राहिले, नक्की ना बाई. ती म्हणाली, मी केलंय, मला नाही कळणार? काका बरोबर होते का हे तिला आजही ठाऊक नाही. कदाचित दोघांचंही चुकलं असेल.

इथवर ती चूक होती. नुसत्या चुकीबद्दल घुमीने स्वतःला केव्हाच माफ करून टाकलं असतं, ती स्वतःशी फार कडक वागणाऱ्यांतली नव्हती. पण नंतर, कोंदणं बसवायचं काम चाललं होतं तेव्हा, ती टेबलावर मान खाली घालून साखळ्या जोडत होती आणि भिंगकाका दारात येऊन म्हणाले, एक नग घट्ट बसतोय, बाकीचे बसले, हाच तेवढा बसत नाही. सगळे नग एका साच्यातले होते. एका साच्यातले नग सारखेच आकसतात. त्यातला एकच मोठा असेल तर तो त्या साच्यातला नाही, हे कळायला कुणी फार शिकलेलं असावं लागत नाही. घुमीच्या हातातली साखळी थांबली. आत काहीतरी सरकलं, आणि ते पूर्ण सरकून समोर येण्याआधीच ती, मान वर न करता, बोलून गेली, "घासून बसवा." काका क्षणभर दारात उभे राहिले. मान वर केली असती तर त्यांचा चेहरा दिसला असता, म्हणून तिने केली नाही. मग आतून कानशीचा आवाज आला. करकर, करकर, थांबून परत करकर. तिने एक साखळी जोडली, दुसरी जोडली. तो आवाज थांबवायला नुसतं 'थांबा' म्हणायचं होतं. मग उठून सगळे नग मोजावे लागले असते, आणि काकांसमोर, ज्यांना तिने सकाळीच हसून खोटं पाडलं होतं, 'माझं चुकलं' म्हणावं लागलं असतं. या एवढ्याशा गोष्टीसाठी. लोक पैशासाठी, जमिनीसाठी, कुणाच्या तरी प्रेमासाठी पाप करतात. तिने मान खाली ठेवता यावी म्हणून केलं.

मावशीकडे जायला म्हणून ती निघाली तेव्हा रस्ता नेहमीसारखाच होता आणि ते तिला आगाऊपणाचं वाटलं. दिव्यांच्या दुकानात सगळे दिवे लागलेले, गॅलऱ्यांतून कपडे वाळत घातलेले, पुलाच्या पायऱ्यांवर कुणीतरी फोनवर भांडत बसलेलं. पर्समध्ये कागदाच्या पुडीत पदक होतं. येणाऱ्या जाणाऱ्या बायकांच्या गळ्यांकडे ती बघत होती, धंद्याची सवय, पण आज तिला सगळे गळे मोकळे मोकळे वाटत होते, आणि प्रत्येकीचं काहीतरी आपणच नेलं आहे असं. पुलाच्या मधोमध थांबून तिने बेत पक्का केला. बेत साधा होता. मावशी झोपलेली असताना तिच्या हातातलं काढायचं आणि हे ठेवायचं. तिच्याकडचं पितळेचं, त्याला परत मुलामा देऊन, कोंदणात बसवून गाडीवाल्या बाईला द्यायचं. तिने नक्कल विकत घेतली होती, तिला नक्कल मिळेल. मावशीला तिचं मिळेल. कुणाला काही कळणार नाही, कुणाचं काही जाणार नाही, आणि सगळं जिथल्या तिथे. हे मनात नीट मांडून झाल्यावर तिला जरा बरं वाटलं आणि मग लगेच जाणवलं की चोरी निस्तरायला आपण आणखी एक चोरी ठरवतो आहोत, तीही तोंडभर कौतुक करून गेलेल्या बाईची. पण पाय थांबले नाहीत. मावशीकडे फार दिवस उरले नव्हते. डॉक्टर आता औषध बदलत नसत, नुसतं विचारपूस करून जात. त्या आधी एकदा, एकदाच, ते पदक तिच्या मुठीत उबदार व्हायला हवं होतं.

कारण उबेचं काय झालं होतं ते तर अजून आलंच नाही, आणि घुमी सगळ्यात जास्त वळसा घालून जायची ती तिथे. डबी परत नेऊन दिली त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मावशी म्हणाली होती, "घुमे, ही आता पहिल्यासारखी ऊब नाही गं धरत." नजर तेव्हाच अधू झालेली, पदकावरच्या गुडघ्यापाशी बोट फिरवत होती. तक्रार नव्हती, नुसतं सांगणं. आणि घुमीने, जिच्या जिभेवर गिऱ्हाइकांची उत्तरं तयार असतात, तिने तितक्याच तयारीने सांगितलं होतं, "तुझेच हात गार पडतात आताशा, मावशी. वय झालं." मावशीने दोन्ही हात गालांना लावून बघितले. हं, असेल, म्हणाली. त्यानंतर ती हात चोळत बसायला लागली. मग लोकरीचे हातमोजे मागवले, बोटांची टोकं कापून घेतली, म्हणजे पदक हाताला लागेल. उन्हाळ्यातसुद्धा ती ते घालायची आणि आल्यागेल्याला सांगायची की माझे हात गार पडतात बाई, घुमीच्या लक्षात आलं म्हणून, मला तर कळलंच नसतं. आल्यागेल्यांनी मग घुमीकडे कौतुकाने बघायचं. मावशीचे हात गार नव्हते. घुमीने त्यानंतर कितीदा ते हातात घेतले होते, औषध देताना, उठवताना. चांगले गरम होते. म्हातारीचे स्वतःचे गरम हात तिने तिच्याकडून काढून घेतले होते आणि त्या जागी एक आजार दिला होता.

मावशी झोपली होती. सांभाळायला येणारी बाई निघून गेली होती आणि खोलीत औषधांचा आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीचा वास होता. घुमीने आज पहिल्यांदा त्या मुठीकडे नीट बघितलं. बोटं सैल होती. पदकावरच्या बाईचा गुडघाच काय, अख्खी मांडी, खांदा, वाटी धरलेला हात पिवळाधमक झाला होता. ज्याला डोळे होते त्या कुणालाही ते दारातून दिसलं असतं. पण त्याचा अर्थ कळणारी या घरात तीच होती. तिने ते अलगद काढलं आणि पुडीतलं पदक त्या जागी ठेवलं, बोटं मिटवली, आणि खुर्चीत बसून राहिली. जगात सगळं ठीक व्हायला लागतं तेवढा वेळ गेला असेल नसेल, मावशीचा अंगठा हलला. झोपेतच तो पदकावरून एकदा फिरला, परत फिरला, कडेवरून फिरला. मग मावशीने डोळे उघडले. ते छताकडे होते.

"घुमे, माझं पदक कुठंय?"

घुमी म्हणाली, तुझ्या हातातच आहे की. मावशीने मान हलवली. हे कुणाचं तरी दुसरं आहे, हे बघ, कड गुळगुळीत आहे, आणि किती गरम आहे, कुणाच्या तरी अंगावरचं आहे हे. तिने ते घाईने पुढे केलं, चुकून दुसऱ्याची चप्पल घातल्यावर माणूस ओशाळून काढतो तसं. घुमीने ते घेतलं नाही. आणि मग, आयुष्यात दुसऱ्यांदा मुकी होण्याआधी बोलून टाकावं म्हणून, तिने सगळं सांगितलं. मखमलीपासून कानशीपर्यंत सगळं, घासून बसवा म्हणाले तेही, आणि शेवटी हातांचंही. तुझे हात कधीच गार नव्हते, मावशी. मी खोटं बोलले. हे आहे ना, हेच आजीचं, खरं, आणि ते जे तू इतकी वर्षं धरून बसलीस ते मी केलेलं पितळ आहे. बोलताना तिचा आवाज तिलाच एखाद्या लहान मुलीचा वाटत होता. रडू येत होतं, पण ते रडू मावशीसाठी की स्वतःला आता हलकं वाटेल या आशेसाठी, हे तिला नीट ठरवता येईना, आणि त्याचीही लाज वाटली.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. परत एकदा पदक दोन्ही हातांनी चाचपलं, अगदी मन लावून, तिच्यावर उपकार केल्यासारखं नाही. मग मऊ आवाजात म्हणाली, नाही गं. माझी मला कळणार नाही का? माझी गार असते. इतक्या वर्षांची सवय आहे मला तिची. घुमीने परत सांगितलं. आधी गार नव्हती, आठव ना, मी लहान होते, तू माझ्या मुठीत द्यायचीस आणि ती गरम व्हायची. मावशी आठवत राहिली. तिचा चेहरा काही क्षण कुठेतरी लांब गेला. मग मावशी हसली. म्हणाली, तेव्हा तुला तापच असायचा सारखा.

"दे माझी मला," ती म्हणाली. घुमीने पितळेचं पदक तिच्या हातात ठेवलं. अंगठा लगेच गुडघ्यावर गेला, नख कडेच्या दात्यांवरून सरकलं, आणि मावशीच्या खांद्यांतला ताण दिसेल इतका उतरला. ती विचारू लागली, ती दुसरी कुणाची आहे, आणि घुमीने सांगितलं की गाडी शिकवणाऱ्या एका बाईची. मग तिची तिला नेऊन दे, मावशी म्हणाली, वाट बघत असेल ती. थोडा वेळ गेला. घुमीला वाटलं परत झोपली, पण तिने हातमोज्यातून हात बाहेर काढून चाचपडत घुमीचं मनगट धरलं. हात गरम होता, भाजेल इतका गरम. "आणि रडू नकोस. लहानपणापासून तुझं हे असंच, जगातलं कुणाचंही काही हरवलं की तुला वाटायचं तूच घेतलंस," मावशी म्हणाली. "तू माझं काही नाही घेतलंस गं."

कुणी रागावलं असतं तर तिने रागावून घेतलं असतं, कुणी माफ केलं असतं तर माफी घेऊन घरी गेली असती. ती निर्दोष ठरली होती, आणि त्यावर दाद मागायला दुसरी कुठली जागा तिला माहीत नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने भिंगकाकांना लवकर घरी पाठवलं आणि पदक स्वतःच्या हाताने कोंदणात परत बसवलं. आता ते सहज बसत होतं. नवी कडी जोडली, चांगली जाड. चकाकी आणणाऱ्या बफाच्या चाकाला मात्र लावलं नाही, मऊ कापडाने नुसतं पुसलं. ते ठेवून घ्यावं असं तिला वाटलं नाही असं नाही. दोन-तीनदा वाटलं. मावशीला नको आणि बाईला ठाऊक नाही, मग मध्ये ते कुणाचं, असा वकिली प्रश्नही तिने स्वतःला घालून बघितला. पण ज्या घरातून ते तिने घालवलं त्या घराने ते घेतलं नव्हतं, आणि तिच्या स्वतःच्या खणात ते पडून राहिलं असतं तर ती पुन्हा एक जागा झाली असती जिकडे बघायचं नाही.

गाडीवाली बाई ठरल्याप्रमाणे आली. आज गाडीत दुसरीच कुणीतरी होती आणि इंजिन चालू ठेवून जिवाच्या आकांताने आरशात बघत होती. घुमीने पेंडंट बाईच्या गळ्यात स्वतः घातलं, मागे उभी राहून फासा लावला, तो लागला की नाही ते दोनदा ओढून बघितलं आणि परत काउंटरमागे गेली. किती झाले, बाईने विचारलं. काही नाही, घुमी म्हणाली. बाईला हे पटलं नाही. पैसे घेत नाही म्हटल्यावर तिला निदान काम तरी द्यायचं होतं. तिच्याकडे शिकून पास होणाऱ्या मुलींना ती दरवेळी काहीतरी देत असे, आता त्यांना अशीच पेंडंट द्यावीत असं तिच्या मनात आलं होतं. पण याच्यासारखीच हवीत, मैत्रिणीच्यासारखी पिवळी पडणारी नकोत. साचा जुना झाला असेल तुमचा, ती म्हणाली, आणि दोन्ही हात मानेमागे नेऊन फासा काढू लागली. "हे ठेवून घ्या की आठवडाभर. याच्यावरून नवा साचा घ्या."

घुमीने तिचे हात धरले. काउंटरवरून इतकं वाकून की साखळ्यांचा स्टँड कलंडला, आणि बाई, जी दिवसभर दुसऱ्यांचे हात धरून चाक वळवते, ती चकित होऊन थांबली.

"ही कुणाला देऊ नका," घुमी म्हणाली. "कुणी कितीही ओळखीचं असू दे, साच्यासाठी मागू दे, पुसायला मागू दे. मलासुद्धा देऊ नका."

बाईने तिच्याकडे नीट बघितलं. मग फासा परत लावला, पेंडंट पदराआड सरकवलं आणि बाहेर गाडीत वाट बघणाऱ्या मुलीकडे गेली.